हिंसेचें लोकमत मोजतां येतें काय?

राजकीय हिंसेला लोकांचा पाठिंबा किती, हें लोकांनाच विचारून पाहावें, ही कल्पना वरवर सरळ दिसते. उत्तर आयर्लंडचा इतिहास मात्र तिच्याविषयीं संशय उत्पन्न करतो.

तेथें सुमारें तीस वर्षें चाललेल्या संघर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसें बळी पडलीं. सशस्त्र आयरिश रिपब्लिकन आर्मीची बाजू उघडपणें घेणारा पक्ष म्हणजे शिन फेन. १९८३ च्या निवडणुकींत त्यास १,०२,७०१ मतें, म्हणजे शेंकडा १३.४, मिळालीं. परंतु मतचांचणी करणारा दारीं आला म्हणजे त्या पक्षाचें नांव घेणारे त्या मानानें थोडेच निघत. यांत नवल तें कसलें? वहीपेन्सिल घेऊन आलेला अपरिचित गृहस्थ कोणाचा माणूस, हें जेथें ठाऊक नसे, तेथें सौम्य उत्तर देऊन दार लावून घेणें हेंच शहाणपणाचें होतें.

मग मतपेटी तरी खरी मानावी काय? तेंही सोपें नाहीं. १ मार्च १९८१ रोजीं मेझ तुरुंगांत बॉबी सँड्स या कैद्यानें उपोषण आरंभिलें. ९ एप्रिल रोजीं तो पोटनिवडणुकींत ३०,४९३ मतें मिळवून पार्लमेंटवर निवडून आला आणि ५ मे रोजीं मरण पावला. तीं मतें बंदुकीला होतीं, कीं एका मरणोन्मुख तरुणाचा प्राण वांचावा म्हणून होतीं? दोन्ही हेतूंचे मतदार त्या रांगेंत उभे होते. मतपत्रिकेवरील खूण मात्र एकच होती.

उत्तर आयर्लंडमध्यें भीतीनें आंकडा खालीं ओढला, तर अमेरिकेंत निष्काळजीपणानें तो वर चढविला. तेथील पाहण्यांत हिंसेचे समर्थक शेंकडा ८ पासून ४० पर्यंत निघाले होते. शॉन वेस्टवुड व त्यांचे सहकारी यांनीं ४,९०४ लोकांवर केलेले प्रयोग २०२२ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांनीं ‘हिंसा’ हा मोघम शब्द टाकून नेमकें कृत्य वर्णन केलें, आणि लक्ष न देतां खुणा करणारांचा हिशेब वेगळा केला. पूर्वीच्या अंदाजांतील मधला आंकडा शेंकडा १८.५ होता, यांचा २.९ भरला. कंटाळलेला माणूस कोणत्याही रकान्यांत खूण करतो, म्हणून त्यास दंगेखोर ठरविण्याचें कारण नाहीं.

अर्थात् २.९ हा आंकडाही निर्धास्त करणारा नव्हे. अमेरिकेच्या प्रौढ लोकसंख्येंत तो पाऊण कोटीच्या घरांत जातो. बेलफास्टच्या रस्त्यांवर रण माजविण्यास त्याच्या शतांशाइतकींही माणसें लागलीं नव्हतीं.