आउटबोर्ड मोटरची उंची आणि वाहतुकीतील आधार : पूरबचाव नौकांसाठी आवश्यक माहिती

वाराणसी : पुराच्या पाण्यात नौकेची मोटर ऐनवेळी दगा देऊ नये, यासाठी तिच्या ताकदीइतकेच दोन बाबींना महत्त्व असते. मोटर किती उंचीवर बसवली आहे ही एक आणि रस्त्याने नेताना तिला कसा आधार दिला आहे ही दुसरी.

वाराणसीत गंगेची इशारा पातळी ७०.२६२ मीटर, तर धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या (एनडीआरएफ) ११व्या बटालियनचे मुख्यालय याच शहरात आहे. गंगा फुगली की वरुणा नदीचे पाणी मागे रेटले जाते आणि सखल वस्त्यांत शिरते. अशा वेळी नौकांना घाटांच्या बुडालेल्या पायऱ्या, ओटे आणि भिंती चुकवत जावे लागते.

उंची कशी ठरते?

आउटबोर्ड मोटर नौकेच्या मागच्या आडव्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर बसते. फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंतची उंची मध्यभागी मोजून त्यानुसार मोटरच्या दांड्याची लांबी निवडली जाते. प्रचलित मापे सुमारे ३८, ५१ आणि ६३.५ सेंटिमीटर, म्हणजे १५, २० आणि २५ इंच अशी आहेत.

प्रोपेलरच्या वर एक आडवी पट्टी असते. पृष्ठभागावरील हवा प्रोपेलरकडे खेचली जाऊ नये, हे तिचे काम. मोटर उभी ठेवून नौकेच्या तळाला सरळ पट्टी लावली असता ही आडवी पट्टी साधारणतः तळाच्या पातळीत किंवा त्याखाली अडीच सेंटिमीटरपर्यंत असावी. ही प्राथमिक मांडणी होय. अंतिम उंची नेहमीचा भार घेऊन पाण्यातील चाचणीनंतरच ठरवावी.

मोटर जास्त उंच राहिल्यास वळणावर किंवा लाटेत प्रोपेलर हवा ओढतो. इंजिनाचे फेरे एकाएकी वाढतात, पण नौका पुढे सरकत नाही. थंड करणारे पाणी आत घेणारी छिद्रे उघडी पडल्यास इंजिन तापते. मोटर फार खाली असल्यास पाण्याचा अवरोध व इंधनखर्च वाढतो, सुकाणू जड होते आणि उथळ पाण्यात प्रोपेलर दगडावर आदळण्याचा धोका राहतो.

रस्त्याने नेताना

ट्रेलरवर प्रोपेलर आणि रस्ता यांत पुरेसे अंतर राहत असेल, तर मोटर उभ्या स्थितीत नेणे योग्य. अंतर कमी पडल्यास ती वर उचलावी लागते. मात्र उचललेल्या मोटरचे वजन फळीपासून मागे सरकते आणि प्रत्येक खड्ड्यात तरफेप्रमाणे फळीवर ताण आणते. ४० अश्वशक्तीच्या मोटरचे वजन साधारण ७० ते १०० किलो असते, हे लक्षात घेतल्यास या ताणाची कल्पना येते. त्यामुळे मोटरचा खालचा भाग आणि ट्रेलरची चौकट यांच्यामध्ये आधारदांडा बसवून पट्ट्याने घट्ट बांधावा. मोटरवरील उचल-खटका उभ्या नौकेच्या देखभालीसाठी असतो. प्रवासात केवळ त्याच्यावर विसंबू नये, अशी सूचना उत्पादक देतात.

हवा काढून घडी घातलेल्या रबरी नौकेसोबत मोटर सुटी न्यावी लागते. पाण्यातून काढल्यावर ती आधी उभी ठेवून आतील पाणी पूर्ण निथळू द्यावे. आडवी ठेवताना खालचा भाग इंजिनापेक्षा उंच राहिल्यास उरलेले पाणी सिलिंडरमध्ये जाऊ शकते. फोर-स्ट्रोक मोटर उत्पादकाने दाखवलेल्या कुशीवरच ठेवावी, अन्यथा तेल सिलिंडरमध्ये उतरते. इंधननळी सोडवून टाकीची हवेची झडप बंद करावी.

प्रवासाच्या धक्क्यांनी पकडीचे स्क्रू व बोल्ट सैल होऊ शकतात. म्हणून नौका पाण्यात सोडण्यापूर्वी ते पुन्हा आवळावेत, फळीला तडा गेला नाही ना हे पाहावे आणि मोटर निसटल्यास बुडू नये यासाठी तिची सुरक्षा साखळी नौकेला अडकवावी. इंजिन सुरू होताच थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडते का, याची खात्री करूनच नौका प्रवाहात न्यावी.