ड्यूटी, ऑब्लिगेशन, लायबिलिटी

ड्यूटी (नाम, स्त्रीलिंगी) : इंग्रजीतून मराठीत रुळलेला शब्द, बोलीत ‘डुटी’. मूळ लॅटिन ‘देबेरे’, म्हणजे देणे लागणे. कर्जाला इंग्रजीत ‘डेट’ म्हणतात, तोही याच धातूपासून झाला. ऑब्लिगेशनच्या मुळाशी ‘लिगारे’, म्हणजे बांधणे, हा धातू आहे. मराठीने ड्यूटीचे दोनच अर्थ घेतले : कामाची पाळी आणि सरकारी शुल्क. नैतिक अर्थासाठी ‘कर्तव्य’ आधीपासून होते.

दोन्ही अर्थ एकत्र पाहायला ठाण्यातील कोलशेत ही उत्तम जागा आहे. येथे सँडोझचा, पुढे क्लॅरिअंट म्हणून ओळखला गेलेला रसायनांचा कारखाना होता. अशा कारखान्याच्या फाटकातून कामगार ड्यूटीवर येई आणि माल एक्साइज ड्यूटी लागून बाहेर पडे. १९४८च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगाराच्या कामाला दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि त्यापुढच्या कामाला दुप्पट दर ठरवला. ‘ड्यूटी लागली’, ‘ड्यूटी सुटली’, ‘डबल ड्यूटी’ हे प्रयोग पाळीच्या जगातले. माणूस ड्यूटीला जातो; कर्तव्याला जात नाही, ते बजावतो किंवा त्यात चुकतो. क्रियापदांतला हा फरक बहुतेक कोशांत यायला हवा होता.

शिक्षकांची इलेक्शन ड्यूटी, पोलिसांची बंदोबस्ताची ड्यूटी : पाळीच्याच अर्थाचा विस्तार.

शुल्काच्या अर्थाने आज सर्वांत परिचित ती स्टॅम्प ड्यूटी, सरकारी मराठीत मुद्रांक शुल्क. तिचा आधार १९५८चा मुद्रांक अधिनियम. कोविडकाळात, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत, राज्याने घरखरेदीवरील हा दर ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणला होता. पुढचे तीन महिने तो ३ टक्के राहिला. एक्साइज मात्र १ जुलै २०१७पासून बहुतेक वस्तूंपुरती जीएसटीत विलीन झाली.

ऑब्लिगेशन : क्लॅरिअंटच्या जागेवर आता लोढा अमारा ही वसाहत उभी आहे, आणि कोलशेतच्या नव्या रहिवाशाच्या हाती हा शब्द विक्रीकरारातून येतो. २०१६च्या रेरा कायद्याचे तिसरे प्रकरण विकासकाची कार्ये व ‘ड्यूटीज’ सांगते, चौथे ग्राहकाचे हक्क व ‘ड्यूटीज’. कलम ११मध्ये तर विकासकाला सर्व ‘ऑब्लिगेशन्स’ आणि ‘रिस्पॉन्सिबिलिटीज’साठी जबाबदार धरले आहे. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला संरचनात्मक दोष दाखवून दिला, तर तो विकासकाने स्वखर्चाने दूर करायचा असतो. ही सदिच्छेची बाब नाही, अंमलबजावणी करून घेता येणारे बंधन आहे. म्हणून करारात ऑब्लिगेशनला ‘कर्तव्य’ म्हणणे चूक. तेथे ‘बंधन’ किंवा ‘दायित्व’ हवे. ग्राहकाने हप्ते वेळेवर भरणे, हेही त्याच जातीचे बंधन.

लायबिलिटी : हिशेबात देणी, कायद्यात दायित्व.

देणे आणि बांधणे ही दोन्ही मुळे शब्दशः एकत्र आली ती ठाणे जिल्ह्यातल्या वेठबिगारीत. लग्नासाठी सावकाराकडून उचल घेऊन त्याच्याकडे राबणाऱ्या आदिवासीला ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकर यांनी १९४५च्या वारली लढ्यावरील ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे जग नोंदले आहे. १९७६च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने असे कर्ज फेडण्याचे दायित्वच रद्द केले. या सगळ्या शब्दांच्या इतिहासात याहून मोठी घटना नाही.

धर्म : ड्यूटीला हा पर्याय मानावा का, यावर एकमत नाही.

मूलभूत कर्तव्ये : ४२व्या घटनादुरुस्तीने (१९७६) संविधानात भाग ४क आला व दहा कर्तव्ये नमूद झाली. अकरावे कर्तव्य ८६व्या दुरुस्तीने (२००२) जोडले : ६ ते १४ वर्षांच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे. ते पालकांवर आहे.