पॅसेंजर सायडिंगला का थांबते?

एकेरी मार्गावर धावणाऱ्या कोकणातील पॅसेंजर गाड्यांचा कारभार

कोकण रेल्वेच्या पॅसेंजरने प्रवास करणाऱ्याला दोन गोष्टी पाठ झालेल्या असतात. पहिली, वाटेतील स्थानकांची नावे. आणि दुसरी, एखाद्या लहान स्थानकात गाडी थांबून राहिली की डब्यातून उमटणारा 'क्रॉसिंग आहे' हा उद्गार. समोरून एक्स्प्रेस धडधडत निघून जाते, सिग्नल मात्र लालच राहतो. पाठोपाठ मागून आणखी एक गाडी पुढे काढली जाते. पॅसेंजर हळू धावते म्हणून उशिरा पोहोचते, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक धावण्यापेक्षा थांबण्यातच तिचा वेळ अधिक जातो. त्यामागचे कारण मार्गाच्या रचनेत दडलेले आहे.

मार्गाची रचना

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये झाली. त्यात केंद्र सरकारचा वाटा ५१ टक्के, तर महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के ठरला. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग उभा राहिला आणि १९९८ मध्ये तो संपूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे सुमारे दोन हजार पूल, उक्षी व भोके या स्थानकांमधील साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आणि रत्नागिरी-निवसर दरम्यानचा ६४ मीटर उंचीचा पानवल पूल ही या मार्गाची वैशिष्ट्ये सर्वज्ञात आहेत.

एवढे डोंगर फोडताना रूळ मात्र एकच टाकण्यात आला. दुहेरी मार्गासाठी बोगदे व पूल यांचा खर्च जवळपास दुप्पट झाला असता. ऑगस्ट २०२१ मध्ये रोहा ते वीर या सुमारे ४७ किलोमीटरच्या टप्प्याचे दुहेरीकरण पूर्ण झाले. वीरच्या पुढे सावंतवाडीपर्यंत मात्र दोन्ही दिशांच्या गाड्यांना तोच एक रूळ वापरावा लागतो. दिवा ते रोहा हा टप्पा मध्य रेल्वेच्या ताब्यात आहे. त्यामुळे दिव्याहून निघालेली पॅसेंजर रोह्याला एका रेल्वेच्या नियंत्रणातून दुसऱ्या रेल्वेच्या नियंत्रणात जाते.

'क्रॉसिंग' म्हणजे काय?

दोन स्थानकांमधील एकेरी रुळावर एका वेळी एकच गाडी असावी, हा सुरक्षिततेचा मूलभूत नियम आहे. पुढील स्थानकाच्या मास्तरने 'लाइन क्लिअर' दिल्याखेरीज मागील स्थानकातून गाडी सोडता येत नाही. समोरासमोर येणाऱ्या गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचे ते केवळ स्थानकातच. त्यासाठी मुख्य रुळाशेजारी आणखी एक रूळ असतो. रेल्वेच्या भाषेत तो 'लूप', प्रवाशांच्या भाषेत 'सायडिंग'. जेथे असा जादा रूळ व सिग्नल नाहीत, अशा 'हॉल्ट'वर गाडी थांबू शकते, परंतु क्रॉसिंग होऊ शकत नाही.

वेळेचा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, क्रॉसिंगची दोन स्थानके एकमेकांपासून दहा किलोमीटरवर आहेत. समोरून ताशी ८० किलोमीटर वेगाने येणाऱ्या एक्स्प्रेसला हे अंतर कापण्यास साडेसात मिनिटे लागतात. ती निघाल्यावर पॅसेंजर अलीकडच्या स्थानकात पोहोचली, तर तेवढा वेळ तिला थांबणे भाग आहे. त्यातच मागून दुसरी एक्स्प्रेस येत असेल, तर तिला पुढे जाऊ देऊन ती पुढचे स्थानक गाठेपर्यंत पुन्हा तितकाच वेळ. लूपवर शिरताना कमी करावा लागणारा वेग आणि निघताना पुन्हा वेग घेण्यास लागणारा अवधी धरला, तर एका थांब्यावर वीस मिनिटे सहज जातात.

याहून मोठी अडचण पुढेच असते. वेळापत्रकात पुढचे क्रॉसिंग ज्या स्थानकात आखलेले असते, तेथे उशिरा धावणारी पॅसेंजर वेळेवर पोहोचत नाही. मग नियंत्रण कक्षातील नियंत्रकाला त्याच क्षणी नवे स्थानक निवडावे लागते. वंदे भारत, तेजस, राजधानी, जनशताब्दी यांचा मान आधी, मेल-एक्स्प्रेसचा त्यानंतर. पॅसेंजर रांगेत मागे असते. कोलाड ते वेर्णा मालमोटारी वाहून नेणारी 'रो-रो' सेवा १९९९ पासून याच रुळावर धावते आणि इतर मालगाड्याही याच मार्गाने जातात. परिणामी सकाळचा दहा मिनिटांचा उशीर सायंकाळपर्यंत तासाचा होतो.

पावसाळ्यातील धाव

कोकणात पावसाळ्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक लागू होते. अनेक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असे होते. २०२५ मध्ये त्याचा कालावधी १५ जून ते २० ऑक्टोबर असा कमी करण्यात आला. मुसळधार पावसात दूरचे दिसेनासे झाल्यास गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत उतरविण्याच्या सूचना चालकांना असतात.

ही खबरदारी महागड्या अनुभवातून आलेली आहे. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ दरडीमुळे गाडी घसरून सुमारे पन्नास प्रवाशांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर वर्ष होण्याआधीच, १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला. तेव्हापासून धोकादायक कटिंगचे उतार कमी करणे, दरडींवर जाळ्या बसविणे ही कामे सातत्याने होत आली. पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त घालणारे कर्मचारी, सावित्री व वाशिष्ठी नद्यांच्या पुलांजवळील पूरसूचक यंत्रणा आणि पानवल पुलावरील वायुवेगमापक यांवर गाड्यांची धाव अवलंबून असते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीला महापूर आला तेव्हा आणि जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीजवळ दरड कोसळली तेव्हा वाहतूक पूर्ण ठप्प झाली होती. एकेरी मार्गाला पर्यायी रूळ नसतो.

तिकीट आणि प्रवासी

पॅसेंजरचा प्रवासी कोण, हे तिच्या थांब्यांवरून कळते. विन्हेरे, अंजनी, कामथे, आडवली, झाराप अशा स्थानकांत बहुतेक जलद गाड्या थांबत नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यात जाणारे रुग्ण, महाविद्यालयीन विद्यार्थी, बाजाराला निघालेले विक्रेते आणि आरक्षण न मिळालेले चाकरमानी यांची भिस्त याच गाडीवर असते. ज्या स्थानकाच्या नावापुढे 'रोड' लागते, ते मूळ गावापासून दूर असते, हे नवख्या प्रवाशाने ध्यानात ठेवावे. राजापूर रोड वा वैभववाडी रोडला उतरल्यावर पुढे एसटी किंवा रिक्षा गाठावी लागते. गाडीला उशीर झाला की शेवटची एसटी चुकते, ही येथील खरी किंमत. पॅसेंजरच्या भाड्याचे तिकीट मेल-एक्स्प्रेसमध्ये चालत नाही, हेही लक्षात असावे.

कोकण रेल्वेवर प्रवासी भाडे आकारताना प्रत्यक्ष अंतरात ४० टक्के वाढ धरण्याची पद्धत सुरुवातीपासून आहे. बांधणीचा मोठा खर्च भरून काढण्यासाठी ही सवलत महामंडळाला मिळाली होती. मार्च २०२० मध्ये करोनामुळे बंद झालेल्या पॅसेंजर गाड्या पुढे 'विशेष' म्हणून सुरू झाल्या, तेव्हा किमान भाडे १० ऐवजी ३० रुपये झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० रुपयांवर आले. पूर्वी दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर मात्र करोनानंतर दिव्याहूनच सुटू लागली. सामानसुमान आणि मुलाबाळांसह लोकलच्या गर्दीतून दिवा गाठणे म्हणजे काय, हे मुंबईकर प्रवाशाला सांगायला नको. ही गाडी दादरहून सोडावी, अशी मागणी प्रवासी संघटनांनी वारंवार केली आहे.

उपाय कोणता?

विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. डिझेलचा खर्च वाचला, परंतु रुळांची संख्या त्याने वाढत नाही. कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे अशी क्रॉसिंगची नवी स्थानके उभारल्याने दोन स्थानकांमधील अंतर घटले. वरील उदाहरणातील दहा किलोमीटर पाचवर आले, तर पॅसेंजरचा थांबा जवळपास निम्म्याने कमी होतो. तथापि, मोकळी झालेली ही जागा नव्या जलद गाड्यांनी भरून निघाली, तर पॅसेंजरच्या पदरी पुन्हा सायडिंगच येईल.

संपूर्ण दुहेरीकरण हा खरा उपाय. पण कर्जावर उभ्या राहिलेल्या महामंडळाला तो स्वबळावर पेलणारा नाही. म्हणूनच भारतीय रेल्वेत विलीनीकरणाची मागणी पुढे आली. 'कोकण रेल्वे' हे नाव कायम ठेवण्याच्या अटीवर महाराष्ट्र शासनाने मे २०२५ मध्ये त्यास संमती दिली. या मार्गासाठी कोकणवासीयांनी जमिनी दिल्या आणि अनेक वर्षे वाट पाहिली. नव्या गाड्यांची घोषणा होताना त्या कोणत्या स्थानकात पॅसेंजरला किती मिनिटे थांबवतील, हा हिशेबही मांडला गेला पाहिजे.