बोलकं मूल आणि दोन नावं: एनव्हीएलडी व ऑटिझमचा इतिहास

तुमच्या घरात किंवा ओळखीत असं एखादं मूल आहे का? लहानपणापासून घडाघडा बोलणारं, लवकर वाचायला लागलेलं, पाठांतरात पक्कं. पण पाचवीत गेलं तरी बुटाची लेस बांधता येत नाही. बेरीज मांडताना आकडे एकाखाली एक येत नाहीत. मित्र चेष्टा करतोय की रागावलाय, हे चेहऱ्यावरून कळत नाही. शाळेत ‘हुशार आहे, पण आळशी’ असा शेरा मिळतो. मग एक तज्ज्ञ ऑटिझम म्हणतात, दुसरे नॉनव्हर्बल लर्निंग डिसऑर्डर म्हणजेच एनव्हीएलडी म्हणतात. पालक गोंधळतात. हा गोंधळ कुठून आला, हे इतिहासातून नीट समजतं.

आधी एक गैरसमज दूर करूया. इथे ‘नॉनव्हर्बल’ म्हणजे न बोलणारं मूल नव्हे. अडचण शब्दांत नसून शब्दांपलीकडच्या गोष्टींत असते: आकार, अंतर, दिशा, हावभाव.

दोन वेगळ्या वाटा

पहिली वाट मानसोपचाराची. 1943 मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नामध्ये हान्स आस्परगर यांनी मोठ्या माणसांसारखं बोलणाऱ्या, पण हालचालीत अवघडलेल्या आणि इतरांत न मिसळणाऱ्या मुलांवर लिहिलं. ते जर्मन भाषेत असल्याने बरीच वर्षं दुर्लक्षित राहिलं. 1981 मध्ये लोर्ना विंग यांनी ‘आस्परगर सिंड्रोम’ हे नाव रुजवलं.

दुसरी वाट शिक्षणाची. 1967 मध्ये डोरिस जॉन्सन आणि हेल्मर मायकलबस्ट यांनी अध्ययन अक्षमतेवरील पुस्तकात भाषेव्यतिरिक्तच्या अडचणी असलेल्या मुलांची दखल घेतली. कॅनडातील मेंदू-मानसशास्त्रज्ञ बायरन रुर्क यांनी 1989 मध्ये यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. मेंदूच्या भागांना जोडणारे तंतू, म्हणजे श्वेतद्रव्य, इथे नीट काम करत नसावेत, असा त्यांचा तर्क होता.

1995 मध्ये या दोन वाटा एकमेकींना भेटल्या. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या गटाला आस्परगर असलेल्या अनेक मुलांच्या चाचण्यांत एनव्हीएलडीसारखंच चित्र दिसलं: शाब्दिक गुण वरचे, दृश्य-अवकाशीय गुण खालचे. थोडक्यात, एकाच प्रकारच्या मुलाकडे मानसोपचारतज्ज्ञ वागणुकीच्या दारातून पाहत होते, तर मानसशास्त्रज्ञ चाचण्यांच्या दारातून.

मग दोन्ही एकच का?

नाही. ऑटिझमच्या निदानासाठी सामाजिक अडचणींसोबत ठरावीक गोष्टींचा अट्टहास, एकाच विषयाचा ध्यास, पुनरावृत्ती किंवा आवाज-स्पर्शाची वेगळी संवेदना असावी लागते. एनव्हीएलडीचा गाभा मात्र दृश्य-अवकाशीय आकलनात आहे. काही मुलांत दोन्ही आढळतात.

2013 मध्ये डीएसएम-5 या अमेरिकन निदानपुस्तकात आस्परगर हे वेगळं निदान ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये विलीन झालं. एनव्हीएलडीला तर या पुस्तकात कधीच स्वतंत्र जागा मिळाली नव्हती. म्हणून अलीकडे अमेरिकेतील काही संशोधकांनी ‘विकासात्मक दृश्य-अवकाशीय विकार’ असं अधिक नेमकं नाव सुचवलं आहे.

तुमच्यासाठी याचा अर्थ

भारतात 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता या दोन्हींचा समावेश आहे, पण एनव्हीएलडी हे नाव वेगळं दिलेलं नाही. म्हणून अहवालात केवळ नाव न पाहता मुलाला नेमकं काय जमत नाही, ते विचारा. बुद्धिमापनाचा एकच एकत्रित आकडा घेऊन घरी येऊ नका. शाब्दिक आणि दृश्य-अवकाशीय गुण वेगवेगळे समजावून घ्या. सामाजिक वागणुकीचीही स्वतंत्र तपासणी करून घ्या.

उपाय त्यातूनच ठरतात. चौकटीची वही द्या. आकृती शब्दांत समजावा. ‘बघून शिक’ म्हणण्याऐवजी एकेक पायरी बोलून दाखवा. चेहऱ्यावरचे भावही असेच शब्दांत शिकवता येतात.

सत्तर-ऐंशी वर्षांत नावं अनेकदा बदलली. तुमचं मूल मात्र तेव्हाही आळशी नव्हतं आणि आजही नाही.