दिनविशेष : २९ जून १९०५ – केडगावची प्रार्थना

वेल्समधील १९०४ च्या आध्यात्मिक जागृतीनंतर पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये खास प्रार्थना सुरू केली. भारतातल्या ख्रिस्ती जनांचे अंतःकरण पालटावे, देशोदेशीच्या मंडळ्यांवर पवित्र आत्मा यावा, हे मागणे. जानेवारी १९०५ मध्ये सत्तरेक जणी रोज जमत. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. त्यांत दुष्काळातून वाचवलेल्या मुली होत्या, बालविधवा होत्या. ज्यांना घरादाराने टाकले त्यांनीच साऱ्यांसाठी हात जोडावेत, ही गोष्ट फार मोठी आहे. २९ जूनच्या पहाटे जागृतीला तोंड फुटले. दुसऱ्या दिवशी योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवताना मुलींच्या मोठ्या आवाजातील प्रार्थनेमुळे रमाबाईंना थांबावे लागले. पुढे या मुलींची पथके आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगत फिरली. केडगावचे मुक्ती मिशन आजही सुरू आहे.