हौदा, टप आणि चॅसी : पिकअपवरील कॅरिअरचा इतिहास

पिकअप ट्रक हे आज कारखान्यातून पूर्ण तयार होऊन बाहेर पडणारे वाहन असले, तरी त्याच्या टपावर किंवा हौद्यावर बसवला जाणारा लोखंडी सांगाडा, ज्याला सर्वत्र कॅरिअर म्हणतात, तो बहुतेक वेळा कारखान्याबाहेरच, मालकाच्या धंद्याची गरज पाहून आणि गाडीची मापे घेऊन बांधला जातो. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते; परंतु मोटार-उद्योगाच्या इतिहासात शंभर वर्षे मागे गेल्यास असे दिसते, की मालवाहू गाडी पूर्ण करण्याचे काम मुळात कारखान्याचे नव्हतेच, ते गावोगावच्या सुतार-लोहारांचे होते, आणि कॅरिअर हा त्या जुन्या श्रमविभागणीचा आजपर्यंत टिकून राहिलेला भाग आहे.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मालवाहू मोटार घेणे म्हणजे प्रायः चॅसी घेणे असे. चॅसी म्हणजे दोन लांब पोलादी तुळया व त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या यांचा शिडीसारखा सांगाडा, त्यावर बसवलेले इंजिन, खाली पाटे, धुरे आणि चाके; चालकाची केबिन आणि मालाचा हौदा त्यात नसे. फोर्ड कंपनीने १९१७ मध्ये एक टन क्षमतेची ‘मॉडेल टीटी’ बाजारात आणली, तीही अशीच चॅसीच्या रूपात आणि ६०० डॉलर किमतीला. घेणारा ती चॅसी बग्ग्या व छकडे बांधणाऱ्या कारागिराकडे नेई आणि त्याच्याकडून लाकडी हौदा बांधून घेई. दूधवाल्याचा हौदा वेगळा, कोळसेवाल्याचा वेगळा आणि शेतकऱ्याचा त्याहून वेगळा असल्यामुळे एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चॅसी रस्त्यावर एकसारख्या दिसतीलच असे नव्हते. घोड्यांच्या गाड्या बांधणाऱ्यांचा धंदा मोटारीने एका फटक्यात बुडवला असे सरसकट सांगितले जाते. पण निदान मालवाहू गाड्यांपुरते तरी ते कारागीर मोटार-युगाचे पहिले भागीदार होते.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का १९२५ मध्ये बसला. त्या वर्षी फोर्डने ‘मॉडेल टी रनअबाउट’ या दोन आसनी गाडीला कारखान्यातच पोलादी हौदा जोडून ती २८१ डॉलरला विकायला काढली, आणि पिकअप हा प्रकार खऱ्या अर्थाने घरोघरी पोचला. हौद्याची लांबी ५६ इंच, म्हणजे पाच फुटांनाही चार इंच कमी होती. मागे फाळका होता, मागचे पाटे अधिक मजबूत केलेले होते. यांखेरीज हौद्याच्या कडांवर चार खोबण्या ठेवलेल्या होत्या. या खोबण्यांत लाकडी खुंटे उभे करायचे आणि त्यांना फळ्या ठोकून हौद्याच्या बाजू हव्या तितक्या उंच करायच्या, अशी योजना होती. गाडीच्या वर्णनात या तपशिलाला फारसे महत्त्व दिले जात नाही, पण कॅरिअरच्या इतिहासात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. कारखान्याने हौदा आपल्या हाती घेतला खरा, पण हौद्याच्या वर काय उभे राहील हे मालकावर सोडले आणि त्यासाठी जागाही राखून ठेवली. पुढील अनेक दशके कितीतरी पिकअप गाड्यांच्या हौद्यांवर अशा खोबण्या राहिल्या, आणि घरगुती बांधणीच्या असंख्य कॅरिअरांचे पाय त्यांतच रोवले गेले.

गाडीच्या अंगावर आणि टपावर किती भार चढवता येतो याची कठोर परीक्षा त्यानंतरच्या दशकात झाली. दुष्काळ, धुळीची वादळे आणि शेतीमालाच्या कोसळलेल्या किमती यांमुळे ओक्लाहोमा, टेक्सस, अर्कान्सॉ या भागांतील हजारो कुटुंबे १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियाकडे निघाली. १९२६ मध्ये क्रमांक मिळालेला ६६ क्रमांकाचा महामार्ग हा त्यांचा मुख्य रस्ता होता. डोरोथिया लँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी खात्यांसाठी टिपलेल्या छायाचित्रांत या कुटुंबांच्या गाड्या दिसतात. गाद्या, खुर्च्या आणि भांडीकुंडी दोरांनी करकचून बांधलेली आहेत, आणि जे हौद्यात मावले नाही ते टपावर व बाजूंना गेले आहे. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीतील जोड कुटुंब हडसन बनावटीची प्रवासी गाडी कापून तिचा ट्रक करते. तो प्रसंग कल्पित असला, तरी कारखान्यातून आलेली गाडी आपल्या गरजेप्रमाणे कापावी, जोडावी, वाढवावी ही त्या काळची रीत त्यात अचूक उतरली आहे. या गाड्यांवरील बांधणी लाकूड आणि दोर यांची होती. ती सुबक नव्हती, तरी ज्यांचे सारे घरच गाडीवर होते त्यांनी ती जिवापाड जपली होती.

व्यवस्थित आखून बांधलेला लोखंडी कॅरिअर मात्र स्थलांतरितांमुळे रुळला नाही. तो सुतार, नळकारागीर आणि रंगारी यांच्या रोजच्या कामामुळे रुळला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरबांधणीला जोर आला आणि पिकअप ही या कारागिरांची मुख्य गाडी झाली. त्यांची अडचण साध्या भूमितीची होती. मोठ्या पिकअपचा हौदा ८ फुटांचा धरला, तरी १६ फुटी फळी, २० फुटी पाइप किंवा लांब शिडी त्यात मावत नाही, कारण हौद्याच्या पुढच्या टोकाला केबिन आडवी येते. २० फुटी पाइप हौद्यातच आडवा टाकला तर त्याचा १२ फुटांचा भाग मागे रस्त्यावर लोंबत राहतो. तोच पाइप केबिनच्या उंचीवर नेला, की त्याला हौद्याच्या मागच्या टोकापासून समोरच्या काचेच्या वरपर्यंत, म्हणजे साधारण १३ फुटांचा, आधार मिळतो. उरलेल्या ७ फुटांपैकी ३ पुढे आणि ४ मागे सोडता येतात. मालवाहू गाडीमागे ४ फुटांहून अधिक माल बाहेर राहिल्यास त्यावर इशाऱ्याचे निशाण लावण्याची सक्ती अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे कॅरिअरची लांबी कोणाच्या हौसेने ठरली नाही हे कळते.

कॅरिअर बांधणाऱ्याची खरी कसोटी लांबीत नसून सांध्यांत आहे. पिकअपची केबिन आणि हौदा हे एका चॅसीवर स्वतंत्रपणे, बहुधा रबरी बैठकांवर, बसवलेले असतात आणि दोहोंमध्ये बोटभर फट असते. खड्ड्यात एक चाक उतरले की चॅसी पिळवटते, आणि केबिन एका अंगाला कलत असता हौदा दुसऱ्या अंगाला कलतो. ही फट म्हणजे त्या हालचालीला ठेवलेली मोकळीक असते. एखाद्या नवख्याने कॅरिअरचे पुढचे पाय केबिनच्या टपावर आणि मागचे पाय हौद्यावर घट्ट बसवले, तर चॅसीचा सारा पीळ त्या सांगाड्यात येतो आणि काही महिन्यांत एकतर वेल्डिंगला तडे जातात किंवा टपाचा पत्रा फाटतो. यावर कारागिरांनी जो उपाय रूढ केला तो असा : कॅरिअरचे सर्व पाय हौद्याच्या कडांवरच उभे करायचे आणि पुढचा भाग केबिनला स्पर्श न करता तिच्यावरून छज्ज्यासारखा पुढे काढायचा. अशा पुढे आलेल्या भागाचा सगळा ताण पुढच्या पायांच्या माथ्यावरच्या सांध्यावर येतो, म्हणून तेथे तिरपा ठोकळा किंवा त्रिकोणी पट्टी वेल्ड करतात. चांगला कॅरिअर पाहणाऱ्याची नजर प्रथम या त्रिकोणाकडे जाते, आणि जायलाही हवी.

केबिन आणि हौदा यांच्यातील फटीचे महत्त्व प्रत्यक्ष फोर्डलाही महागात जाऊन शिकावे लागले. १९६१ मध्ये कंपनीने आपल्या एफ-१०० मालिकेतील काही गाड्यांत केबिन आणि हौदा एकसंध पत्र्यात जोडून टाकले, कारण त्यामुळे सांधे आणि खर्च दोन्ही कमी होत होते. गाडी दिसायलाही सुबक झाली. परंतु जड माल भरून गाडी उंचसखल जमिनीवर गेली की चॅसीचा पीळ एकसंध पत्र्यात शिरे आणि केबिनची दारे नीट लागत किंवा उघडत नसत, अशा तक्रारी येऊ लागल्या, आणि दोन-तीन वर्षांतच ही रचना मागे घेऊन वेगळा हौदा पुन्हा आणण्यात आला. कारखान्यातील अभियंत्यांना आलेला हा अनुभव आणि वेल्डिंगच्या दुकानातील कारागिराचा अनुभव मुळात एकच आहे.

ऑस्ट्रेलियात हौद्याची कथा निराळ्या वाटेने गेली. तेथे फोर्डच्या गिलाँग येथील कारखान्यात लुइस बँट या तरुण आराखडाकाराने १९३४ मध्ये मोटारीची आरामशीर केबिन आणि मालाचा हौदा एकत्र आणणारी ‘यूट’ तयार केली. रविवारी चर्चला आणि सोमवारी डुकरे घेऊन बाजारात जाता येईल अशी गाडी हवी, असे एका शेतकऱ्याच्या पत्नीने कंपनीला कळवले होते, असे यूटच्या जन्माविषयी सांगितले जाते.

हौद्याऐवजी थेट टपावर बसणाऱ्या कॅरिअरचा इतिहास मात्र एका पन्हळीशी बांधलेला आहे. जुन्या मोटारींत टपाचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जेथे वेल्ड होत, तेथे दारांच्या वर पत्र्याची एक अरुंद पन्हळ तयार होई, आणि तिच्यातून पावसाचे पाणी वाहून जाई. ही दुहेरी पत्र्याची कड टपाच्या पातळ मधल्या भागापेक्षा कितीतरी बळकट असल्यामुळे कॅरिअरचे पाय तिच्यावर टेकवून चिमट्याने आवळता येत, आणि टपाला एकही भोक पाडावे लागत नसे. स्वीडनमध्ये १९४२ मध्ये मासे पकडण्याच्या सापळ्यापासून सुरू झालेली थुले ही कंपनी १९६० च्या दशकात मोटारीच्या टपावरील वाहकांकडे वळली. १९८० च्या दशकापासून वाऱ्याचा विरोध कमी करण्यासाठी मोटारी अधिक गुळगुळीत होत गेल्या, दारांच्या कडा टपापर्यंत चढल्या आणि पन्हळी हळूहळू नाहीशा झाल्या. त्यानंतर प्रत्येक गाडीच्या दाराच्या चौकटीला नेमके बसतील असे वेगवेगळे चिमटे करावे लागले, आणि जो कॅरिअर पूर्वी कोणताही लोहार करू शके तो कारखान्याच्या साच्यांवर अवलंबून राहू लागला. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० गाडीचे अंग ॲल्युमिनियमचे केले, तेव्हा आणखी एक अडचण पुढे आली : पोलाद आणि ॲल्युमिनियम ओलसर जागी एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजू लागते, म्हणून पोलादी कॅरिअर आणि हौद्याची कड यांच्यामध्ये रबर किंवा प्लास्टिकचा थर घालणे आवश्यक झाले.

महाराष्ट्रात चॅसी घेऊन तिच्यावर बॉडी बांधण्याची रीत अमेरिकेपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकली, आणि मालट्रकांच्या बाबतीत ती आजही जिवंत आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावलेल्या पहिल्या एसटी गाडीची बॉडी लाकडी होती. पुढे एसटीने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील स्वतःच्या कार्यशाळांत चॅसींवर बॉडी बांधण्याचे काम चालवले. जुन्या एसटीच्या मागे टपावर चढायची लोखंडी शिडी असे, टपाला कठडा असे, आणि धान्याची पोती, ट्रंका, सायकली अशा सामानाला तेथेच जागा मिळे. ग्रामीण महाराष्ट्राच्या दळणवळणात या टपाने केलेले काम आसनसंख्येच्या हिशेबात कधीच दिसत नाही, आणि म्हणून ते इतिहासलेखनातही जवळजवळ दिसत नाही. मुंबईत हेच काम काळ्या-पिवळ्या टॅक्सीवरील कॅरिअरने केले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी ही मूळच्या फिआट ११०० या गाडीवर आधारलेली होती, तिच्या टपाला पन्हळ होती, आणि टॅक्सीवरचा लोखंडी कॅरिअर त्याच पन्हळीवर आवळलेला असे. स्थानकाबाहेर उतरलेल्या प्रवाशाच्या वळकट्या आणि बॅगा त्यावर चढत, आणि सामानाचे पैसे नगावर घेतले जात. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपताच ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या बहुतेक गाड्यांना पन्हळ नाही.

मालकाने गाडीत किती बदल करावा हा प्रश्न भारतात आता मुख्यतः कायद्याचा झाला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणी-प्रमाणपत्रात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ कडकपणे लावला. या कडकपणामागे सबळ कारण आहे. टपावर चढवलेला प्रत्येक किलो गाडीचा गुरुत्वमध्य वर नेतो, वळणावर ती कलण्याचा धोका वाढवतो, आणि उभ्या गाडीचे टप जितका भार सहज पेलते तितका ते धावत्या गाडीत खड्ड्यांचे धक्के सोसत पेलू शकत नाही. तरीही त्याच अधिनियमाच्या कलम ४३ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी, चॅसीवर बॉडी बसवण्यासाठी गाडी कार्यशाळेत अडकून पडली असेल तर तिच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत वाढवून देण्याची सोय होती. कारखान्यातून अपुरी निघालेली गाडी कार्यशाळेत पूर्ण होते, ही १९१७ च्या चॅसीपासून चालत आलेली रीत कायद्याने अशा प्रकारे मान्य केली होती. नोंदणीपूर्वी हौद्यावर उभा राहिलेला सांगाडा गाडीचा भाग म्हणून तपासला जाऊ शकतो, तर नोंदणीनंतर तशीच बांधणी केली तर ती फेरफार ठरू शकते.