हद्दीपलीकडचा वैद्य : भोर संस्थानापासून पडद्यावरच्या समुपदेशनापर्यंत

१/ भोर तालुक्यातील कामथडी हे गाव आज पुणे जिल्ह्यात मोडते. पुण्याच्या डॉक्टरने येथे येऊन रुग्ण तपासला, तर त्याला कोणी अडवीत नाही. परंतु ८ मार्च १९४८ पर्यंत या परिसरात दोन राजवटींच्या हद्दी एकमेकींना भिडत होत्या. एकीकडे पंतसचिवांचे भोर संस्थान, तर दुसरीकडे ब्रिटिश मुंबई इलाख्यातील हवेली आणि पुरंदर तालुके. वैद्याचा परवाना हद्द ओलांडतो का, हा प्रश्न त्यामुळे जुनाच आहे. हा धागा त्या प्रश्नाच्या इतिहासाचा.

२/ प्रारंभी नोंदवहीच नव्हती. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. पदवी मिळवली. कोल्हापूर दरबाराने त्यांची आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर नेमणूक केली. पदवी अमेरिकेतली, मूळ घर कल्याणचे, नोकरी कोल्हापूरच्या संस्थानात. तरीही कोणत्याही परिषदेकडे नोंदणी करण्याची आवश्यकता नव्हती, कारण अशी परिषद येथे अस्तित्वातच नव्हती. दरबाराचा विश्वास हाच परवाना होता. दुर्दैवाने पदभार स्वीकारण्यापूर्वीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

३/ इंग्लंडमध्ये मात्र १८५८ च्या वैद्यकीय कायद्याने जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाली होती आणि शिक्षित डॉक्टरांची अधिकृत यादी ठेवली जात होती. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात पहिला कायदा मुंबई प्रांताने केला : १९१२ चा मुंबई वैद्यकीय कायदा. त्यातून मुंबई वैद्यकीय परिषद आणि तिची नोंदवही जन्माला आली. पाठोपाठ १९१४ साली बंगाल व मद्रास आणि १९१६ साली मध्य प्रांत येथेही असेच कायदे झाले.

४/ या कायद्याने बिगरनोंदणीकृत वैद्यांवर सरसकट बंदी घातली नव्हती. कायद्याने आवश्यक असलेली वैद्यकीय प्रमाणपत्रे आणि सरकारी पदे यांबाबत नोंदणीकृत डॉक्टरला विशेष स्थान मिळाले, एवढेच. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट घडली. डॉक्टरने व्यवसायाला न शोभणारे वर्तन केले, तर त्याचे नाव वहीतून काढण्याचा अधिकार परिषदेला मिळाला. रुग्णाला प्रथमच तक्रारीचा एक पत्ता मिळाला.

५/ परंतु हा पत्ता ब्रिटिश हद्दीपुरताच होता. मुंबई विधिमंडळाचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. दरबाराने स्वीकारला तरच तो तेथे चाले. हद्दीअलीकडच्या परिषदेचा अधिकार हद्दीपलीकडे संपत असे. मराठी मुलूख तर अनेक तुकड्यांत विभागलेला होता : पुणे, सातारा मुंबई प्रांतात, नागपूर मध्य प्रांतात, औरंगाबाद निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि मध्येमध्ये भोर, औंध, फलटण, कोल्हापूर यांसारखी संस्थाने. भाषा एक, आजार तेच, पण वैद्यावर देखरेख ठेवणारी सत्ता दर काही कोसांवर बदलत असे.

६/ समुद्रापलीकडची हद्द याहून कडक होती. १९३० साली ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदुस्थानी वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. येथील शिक्षणाचा दर्जा तपासायचा कोणी, हा त्या वादाचा गाभा होता. उत्तरादाखल १९३३ साली भारतीय वैद्यकीय परिषद कायदा झाला. डॉक्टरचा परवाना हा सार्वभौमत्वाचाही विषय आहे, हे त्या प्रसंगाने स्पष्ट केले.

७/ १९३८ साली मुंबई प्रांताने आणखी एक पाऊल टाकले. त्या वर्षीच्या कायद्याने आयुर्वेद आणि युनानी पद्धतीच्या चिकित्सकांसाठीही नोंदणीची व्यवस्था केली. ज्यांच्या हाती ग्रामीण भागातील बहुतेक रुग्णांचे आरोग्य होते, ते वैद्य आणि हकीम आता कायद्याच्या कक्षेत आले.

८/ एकच देशव्यापी नोंदवही हवी असेल, तर आधी पात्रता एकसारखी असावी लागते. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात नेमका हाच आग्रह धरला : देशभर एकाच दर्जाचा मूलभूत डॉक्टर असावा. (भोर यांचा जन्म नाशिकचा आणि शिक्षण पुण्याचे, आडनावामुळे त्यांचा संबंध संस्थानाशी जोडू नये.) पुढे १९५६ च्या कायद्याने भारतीय वैद्यक नोंदपुस्तक निर्माण केले. त्याच्या कलम २७ नुसार, ज्याचे नाव त्यात असे, तो आपल्या पात्रतेनुसार भारतात कोठेही व्यवसाय करू शकत असे. परदेशी डॉक्टरांसाठी कलम १४ मध्ये मर्यादित सोय ठेवली गेली : अध्यापन, संशोधन किंवा धर्मादाय कार्यासाठी, ठरावीक संस्थेत, ठरावीक मुदतीपुरती.

९/ हे शक्य झाले ते राज्यघटनेमुळे. वैद्यकादी व्यवसाय हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही त्यावर कायदा करू शकतात. अमेरिकेत याउलट घडले. १८८९ साली ‘डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय परवाना देण्याचा राज्याचा अधिकार उचलून धरला. तेव्हापासून तेथे परवाना म्हणजे राज्याचा परवाना. भारताने संस्थानांच्या हद्दी पुसल्या. अमेरिकेच्या परवान्यांच्या हद्दी मात्र आजतागायत टिकून आहेत.

१०/ मानसशास्त्रज्ञांची कथा याच चौकटीतली, पण उशिराची. १९१२ याच वर्षी भारतीय वेडेपणाविषयक कायदाही झाला होता. त्याचे लक्ष रुग्णाला रुग्णालयात दाखल करण्यावर होते. संवादातून उपचार करणाऱ्याचा त्यात विचारच नव्हता. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांसाठी पहिला राज्य-कायदा कनेक्टिकटने १९४५ साली केला आणि १९७७ पर्यंत सर्व राज्यांत असे कायदे झाले. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी आली ती १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने. येथे नोंदवही आरंभापासूनच केंद्रीय होती. त्यामुळे पुण्याच्या नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला बेळगावच्या रुग्णासाठी कर्नाटकचा तात्पुरता परवाना मागावा लागत नाही.

११/ अमेरिकेत मात्र तो मागावा लागे. एका राज्यातील मानसशास्त्रज्ञाचा रुग्ण शिक्षणासाठी दुसऱ्या राज्यात गेला, की उपचार खंडित होण्याची वेळ येई. अनेक राज्यांनी बाहेरच्या तज्ज्ञाला वर्षातील मोजक्या दिवसांची सूट दिली, पण प्रत्येकाचे नियम वेगळे. यावर तोडगा म्हणून ‘सायपॅक्ट’ हा आंतरराज्य करार झाला. २०२० पासून तो प्रत्यक्षात आला आणि चाळीसहून अधिक राज्ये त्यात सामील झाली. त्यानुसार पात्र मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या सदस्य-राज्यातील रुग्णाशी दूरस्थ पद्धतीने बोलू शकतो किंवा तेथे जाऊन वर्षाला ३० दिवसांपर्यंत काम करू शकतो. त्याने गैरवर्तन केल्यास रुग्णाच्या राज्याला ही मुभा काढून घेता येते.

१२/ २५ मार्च २०२० रोजी भारतानेही दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. नोंदणीकृत डॉक्टर देशातील कोणत्याही रुग्णाला दूरस्थ सल्ला देऊ शकतो, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. परंतु भारताच्या अधिकारक्षेत्राबाहेरील सल्ला त्यांत बसत नाही. कामथडीसारख्या गावातून अमेरिकेत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला रात्री मराठीतच मन मोकळे करायचे असेल, तर पुण्याचा समुपदेशक पडद्यावर सहज भेटतो. पण ‘सायपॅक्ट’साठी सदस्य-राज्याचा परवाना लागतो, तो नसलेल्या समुपदेशकाला त्या कराराचा उपयोग नाही.

१३/ दुसरी उणीव देशातच आहे. ‘समुपदेशक’ म्हणवून घेणारे सगळेच पुनर्वास परिषदेच्या यादीत नसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने राज्य प्राधिकरणांकडे नोंदणी आणि त्यावरून राष्ट्रीय यादी अशी रचना केली. २०२१ च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञांनाही आपल्या कक्षेत घेतले, तेही राज्य परिषदा आणि केंद्रीय नोंदवही या दुहेरी पद्धतीने. १९१२ साली डॉक्टरांसाठी सुरू झालेले काम मानसशास्त्रज्ञांसाठी आता आकार घेत आहे.

१४/ या शंभराहून अधिक वर्षांत वाद बहुधा एकाच बाजूने मांडला गेला : वैद्याला हद्द ओलांडू द्यावी की नाही? नोंदवहीचे दुसरे काम मात्र रुग्णासाठी असते. फसवणूक झाली तर दाद कोठे मागायची, हे ती सांगते. आनंदीबाईंच्या काळी दरबाराच्या विश्वासावर निभावले, कारण वैद्य आणि रुग्ण एकाच गावात राहत होते. आज ते दोन खंडांत असतात. परवान्याची हद्द कोठवर, एवढेच ठरवून भागणार नाही. रुग्णाची तक्रार कोठवर पोहोचते, हेही नव्या नियमांना ठरवावे लागेल.